गरोदरपणातील कौटुंबिक हिंसा व आरोग्यसेवा (चंद्रपूर आणि गडचिरोली)

गरोदर स्त्रीला पती वा जोडीदाराकडून होणारी मारहाण, लैंगिक जबरदस्ती, उपासमार, धमकी किंवा मानहानी यांना गरोदरपणातील कौटुंबिक हिंसा म्हणतात. अशा हिंसेमुळे वार वेळेपूर्वी सुटणे, अकाली प्रसूती आणि कमी वजनाचे बाळ यांचा धोका वाढतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार भारतातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३.१ टक्के स्त्रियांनी गरोदरपणात शारीरिक हिंसा सोसल्याचे सांगितले. हा आकडा सांगितलेल्या हिंसेचा आहे, घडलेल्या हिंसेचा नव्हे.

== विचारल्यावाचून न कळणारे दुखणे ==

डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेला स्त्रीरोगविषयक अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. त्यापूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र अवघ्या ८ टक्के होत्या. तो अभ्यास हिंसेविषयी नव्हता. तथापि स्त्रीचे मौन म्हणजे दुखणे नसल्याचा पुरावा नव्हे, हे त्यातून स्पष्ट होते आणि मारहाणीच्या बाबतीत ते अधिकच लागू पडते. पोटावरील वळ, वारंवार होणारा रक्तस्राव, उशिरा झालेली नोंदणी, चुकलेल्या तपासण्या आणि प्रत्येक प्रश्नाला पतीनेच दिलेले उत्तर ही विचारपूस करण्याची कारणे ठरतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्त्रीला एकटीला, खाजगीत विचारावे, निवाडा न करता ऐकावे, तिच्या तातडीच्या गरजा जाणाव्यात, तिच्यावर विश्वास ठेवावा आणि तिची सुरक्षितता व पुढील मदत पाहावी. तिच्या इच्छेविरुद्ध पोलिसांना कळवणे या सूचनांत अभिप्रेत नाही. पतीला बोलावून समज देणे हा लोकप्रिय उपाय धोक्याचा आहे, कारण त्या रात्री स्त्री त्याच घरी परतते.

== वनक्षेत्रातील परिस्थिती ==

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीचा बहुतांश भाग जंगलाचा आहे. भामरागड, एटापल्ली भागांत माडिया व गोंडी बोलल्या जातात आणि पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटतो. दुभाषा नातेवाईक असेल, तर खाजगी विचारपूस उरतच नाही.

येथे आशा कार्यकर्ती हाच पहिला दुवा असतो. ती गावातलीच असल्याने तिच्याजवळ मन मोकळे होते. पण त्याच कारणाने, बोललेली गोष्ट गावभर होईल अशी भीतीही असते. माता व बाल संरक्षण कार्ड घरी जाते आणि घरातील कुणीही ते वाचू शकतो. म्हणून हिंसेची नोंद त्यावर न करता दवाखान्यातील गोपनीय कागदपत्रांत करणे इष्ट. दुर्गम भागातील गरोदर स्त्रिया प्रसूतीच्या काही दिवस आधी येऊन राहतात, ती आरोग्य केंद्रांतील 'माहेरघरे' निवांत बोलण्यासाठी विशेष उपयोगाची आहेत.

गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ रोजी लागू झाली आणि २०२१ मध्ये उठवली गेली. दोन्ही आंदोलनांत स्त्रियांनी दारूबरोबर मारहाणीचाही प्रश्न मांडला. तरी दारू सुटली की हिंसा थांबेल, असे रुग्णेला आश्वासन देणे योग्य नव्हे. न पिणारेही मारतात.

== कायदा ==

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम ७ नुसार पीडितेने अथवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने किंवा सेवा पुरवणाऱ्या संस्थेने विनंती केल्यास रुग्णालयाने वैद्यकीय मदत द्यावीच लागते. घटनेचा अहवाल आधी झाला नसेल, तर तो भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवणे आणि तपासणी अहवालाची प्रत स्त्रीला विनामूल्य देणे हेही रुग्णालयाकडे येते.

== दिलासा ==

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महानगरपालिका व 'सेहत' संस्थेने २००० साली 'दिलासा' हे समुपदेशन केंद्र सुरू केले. सार्वजनिक रुग्णालयातच असे केंद्र असल्याने स्त्रीला 'दवाखान्यात जाते' एवढेच घरी सांगून मदत घेता येते. आरोग्य उपकेंद्राच्या पातळीवर समुपदेशक नसतो. तेथे हे काम परिचारिका व आशांवरच येते. महिला हेल्पलाइनचा क्रमांक १८१ असून तो स्त्रीला तोंडी सांगावा, चिठ्ठीवर लिहून देऊ नये.