माणसाळलेली वन्य जनावरे (इस्लापूर–किनवट परिसर)

माणसाळलेली वन्य जनावरे : रानात जन्मलेली, रानातच वाढलेली, पण माणसाच्या रोजच्या वावरामुळे आणि मुख्यतः त्याच्या हातच्या खाण्यामुळे बुजेनाशी झालेली जनावरे. ती पाळीव नव्हेत. गाय, शेळी, कुत्रा यांचा माणसाशी असलेला संबंध हजारो वर्षांच्या पैदाशीतून घडला आहे. १९५९ मध्ये नोव्होसिबिर्स्क येथे द्मित्री बेल्यायेव यांनी रुपेरी खोकडांवर प्रयोग सुरू केला. दर पिढीतील सर्वांत कमी बुजरी पिल्ले निवडून त्यांचीच पुढची वीण घ्यायची, असे करीत गेल्यावर काही पिढ्यांनी शेपूट हलवत माणसाकडे येणारी खोकडे निपजली. रस्त्याकडेच्या वानराच्या बाबतीत अशी निवड कोणी केलेली नाही. त्याची भीती मोडली आहे, एवढाच त्याच्यातला बदल. स्वभाव, सुळे आणि ताकद आहे तशीच आहे.

प्रस्तुत नोंद नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील इस्लापूर व आसपासचा पट्टा समोर ठेवून केली आहे. (पैनगंगेवरील धरणामुळे आणि तेथील अभयारण्यामुळे प्रसिद्ध असलेले इसापूर ते वेगळे, दोन्ही गावे एकाच नदीच्या खोऱ्यात असल्याने नावांत नेहमी गल्लत होते.) हिमायतनगरहून किनवटकडे जाताना इस्लापूर लागते. जवळच पैनगंगेवर सहस्रकुंडचा धबधबा आहे. अलीकडचा काठ नांदेडचा, पलीकडचा यवतमाळचा. पुढे किनवट–माहूरपर्यंत साग, मोह आणि तेंदूचे डोंगर पसरले आहेत आणि पैनगंगा अभयारण्य या दोन जिल्ह्यांत विभागले आहे. गोंड, कोलाम, आंध, बंजारा ही येथली जुनी वस्ती. रानाशी तिचा व्यवहार रोजचा असल्याने अस्वलाला किती अंतर द्यायचे हे मोहफुले वेचणाऱ्या बाईला शिकवावे लागत नाही. अडचण होते ती पावसाळ्यात धबधबा पाहायला आणि वर्षभर माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला गाड्या भरून येणाऱ्यांची, आणि त्यांच्या हातातल्या पुड्यांची.

माणसाळण्याची क्रिया साधी आहे. काळतोंडी, लांब शेपटीची वानरे मूळची पानखाऊ. त्यांच्या जठराला अनेक कप्पे असतात आणि त्यांत सूक्ष्मजीव पानांचा चोथा आंबवून पचवतात. बिस्किटे, पेढे, कुरकुरे या पोटासाठी नाहीत. पण दिवसभर पाला ओरबाडून जे मिळते ते येथे दोन मिनिटांत मिळते, हे वानराला कळायला वेळ लागत नाही. पहिले काही दिवस टोळी झाडावरच थांबते. मग एखादे धीट जनावर उतरून फेकलेले उचलते, नंतर हातातून घेते, नंतर हात पुढे येण्याचीही वाट पाहत नाही. प्लास्टिकच्या पिशवीचा चुरचुर आवाज झाला की चार-पाच जण एकदम वळतात. तांबड्या तोंडाच्या माकडांना गालांत पिशव्या असतात, त्यामुळे ती खाऊ कोंबून पळून जातात. वानराला ती सोय नसल्याने ते जागेवर बसून खाते, आणि ‘किती शांत बसलंय’ असे वाटून माणूस फोटोसाठी आणखी जवळ सरकतो. एकदा खाऊ मिळू लागला की टोळी रस्ता सोडत नाही. वाहनाखाली येणारी पिल्ले ही त्या भूतदयेची दुसरी बाजू असून ती पाहायला पुडी फेकणारा थांबत नाही.

चेहरा वाचण्यात चूक : बहुतेक चावे खाण्याच्या आसपास होतात आणि बहुतेकांच्या आधी इशारा दिलेला असतो, तो आपल्याला वाचता येत नाही. माकड दात विचकते तेव्हा पाहणारे म्हणतात की ते हसले. मिटलेले दात दाखवणे हे माकडांत भीतीचे किंवा माघार घेण्याचे लक्षण आहे, आणि भ्यालेले जनावर कोपऱ्यात सापडले की चावते. उलट तोंड उघडे, भुवया ताणलेल्या आणि नजर रोखलेली असेल तर ती सरळ धमकी असते. हुप्प्या म्हणजे वानरांतला मोठा नर. तो करकर दात खातो, मान पुढे झटकतो, जमिनीवर हात आपटतो. त्याच्या डोळ्यांत डोळे घालून पाहणे हे त्याच्या लेखी आव्हान, आणि आपण प्रेमाने नेमके तेच करतो. लिंकन विद्यापीठाच्या लेटिशिया मारेशाल व सहकाऱ्यांनी बार्बरी माकडांच्या चेहऱ्यांवर लोकांची परीक्षा घेतली आणि ती २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. धमकीचा चेहरा अनुभव नसलेल्या अनेकांना ओळखता आला नाही. ते लोक आणि माहूरगडावरचे यात्रेकरू यांत या बाबतीत फारसा फरक नसावा.

दुसरी एक गोष्ट कमी जणांना ठाऊक असते. समोरची टोळी ‘नेहमीची’ दिसली तरी तिच्यातला नर नेहमीचा असेलच असे नाही. युकिमारू सुगियामा यांनी १९६० च्या दशकात धारवाड भागात वानरांचा अभ्यास केला. बाहेरचे नर टोळीवर चाल करून जुन्या नराला हुसकावतात आणि पुष्कळदा आधीची तान्ही पिल्ले मारतात, हे त्यांनी नोंदवले. सॅरा हर्डी यांना पुढे अबूच्या डोंगरातही तेच आढळले. अशा उलथापालथीच्या काळात पूर्ण टोळी बिथरलेली असते. ‘आमच्या देवळावरची वानरे कुणाला काही करत नाहीत’ हे वाक्य त्या दिवसांत धोक्याचे ठरते.

लवूळची घटना : मराठवाड्यातील वानरे जगभर गाजली ती डिसेंबर २०२१ मध्ये, बीड जिल्ह्याच्या माजलगाव तालुक्यातील लवूळ या गावामुळे. वानरे कुत्र्यांची पिल्ले उचलून झाडांवर, घरांच्या छपरांवर नेत होती आणि पिल्ले तेथेच मरत किंवा खाली पडत होती. कुत्र्यांनी वानराचे पिल्लू मारले, त्याचा हा सूड, अशी कथा तयार झाली. मेलेल्या पिल्लांचा २५० हा आकडा वर्तमानपत्रांतून देशोदेशी गेला, पण तो कोणी मोजून सिद्ध केला नाही. नागपूरहून आलेल्या वनविभागाच्या पथकाने दोन वानरे पकडून नेली. सूड ही माणसाची भाषा आहे. वर्तनाच्या अंगाने पाहिले तर दुसरे स्पष्टीकरण जास्त पटते. वानरांच्या टोळीत एकीचे पिल्लू दुसरीने उचलून घेणे, तासन्‌तास जवळ बाळगणे हे नित्याचे आहे. वानराचे पिल्लू छातीला घट्ट चिकटून राहते आणि वेळेला आईकडे परत जाते. कुत्र्याच्या पिल्लाला चिकटता येत नाही आणि पत्र्यावर त्याला दूध कोण देणार? ते उपासाने मरते किंवा पडते. म्हणजे जे खुनशीपणासारखे दिसले ते कदाचित लळ्यासारखेही होते, आणि पिल्लाच्या दृष्टीने परिणाम एकच. वन्य जनावराचा लळादेखील सुरक्षित नसतो, हे सांगायला याहून चांगले उदाहरण या भागात नाही.

श्रद्धेचा भाग : वानर म्हणजे मारुतीचे रूप, ही भावना मराठवाड्यातल्या गावोगावी आहे. विजेच्या तारेला चिकटून वानर मेले तर गाव गुलाल उधळत त्याची अंत्ययात्रा काढते, पुढे भंडाराही होतो. या भावनेनेच वानरांना आजवर जगवले, तेव्हा तिची टिंगल करण्याचे कारण नाही. हरभरा आणि भुईमूग दरसाल गमावूनही येथला शेतकरी वानरावर सहसा हत्यार उचलत नाही, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र मेलेले जनावर उघड्या हातांनी उचलणे टाळावे. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात १९५७ मध्ये माकडताप प्रथम ओळखला गेला. तो गोचिडांमुळे पसरतो, वानरे-माकडे त्याने मरतात आणि मेलेल्या जनावराच्या अंगावरून उतरलेल्या गोचिडी माणसाला चावतात. महाराष्ट्रात २०१६ पासून सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात त्याचे रुग्ण आढळले आहेत.

चाव्याखेरीजचे धोके : जानेवारी २०२३ मध्ये पुणे व रायगड जिल्ह्यांना जोडणाऱ्या वरंधा घाटात, वाघजाई मंदिराजवळ, माकडांसोबत सेल्फी घेताना एक जण शेकडो फूट खोल दरीत कोसळून मरण पावला. सहस्रकुंडचा काळा, शेवाळलेला खडक पाहिलेल्याला या घटनेचा अर्थ वेगळा सांगायला नको. पिशवीवर झडप पडली की माणूस दचकून मागे सरकतो, आणि तेथे मागे पाणी असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये गडचिरोलीत रानटी हत्तीसोबत सेल्फी घेऊ पाहणारा २३ वर्षांचा मजूर पायाखाली चिरडला गेला. ओडिशा–छत्तीसगडमार्गे आलेले हत्ती तेथे २०२१ पासूनच वावरत आहेत. हत्ती चरताना संथ दिसतो. लोक त्या संथपणाला स्वभाव समजतात.

याउलट उदाहरण वाघाचे. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये गळ्यातल्या पट्ट्यासह विदर्भ, मराठवाडा आणि तेलंगणाच्या सीमाभागांतून फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सुमारे १३०० किलोमीटरांच्या त्या वाटेत असंख्य शेते आणि गावे होती. त्याने गुरे मारली. माणसाला इजा झाल्याचा एकच प्रसंग नोंदला गेला, तोही तो ज्या झुडपात पडून होता तेथे लोकांचा घोळका शिरला तेव्हा, आणि इजा किरकोळ होती. ज्याची भीती शाबूत होती तो वाघ, खाऊला सोकावलेल्या वानरापेक्षा बरा शेजारी ठरला.

अनाथ समजलेली पिल्ले : हरणाची मादी पाडसाला गवतात दडवून चरायला जाते; बिबट्याची मादी पिल्लांना उसात ठेवून शिकारीला जाते. पिल्लू एकटे दिसले म्हणजे ते टाकलेले नसते. नाशिक जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यात २०२२ मध्ये एका शेतकरी कुटुंबाने बिबट्याचा बछडा मांजराचे पिल्लू समजून घरी नेला, त्याला दूध पाजले, लहान मुले त्याच्याशी खेळली. खरे काय ते कळल्यावर तो वनविभागाकडे गेला. आई त्याच्या मागावर आली नाही हे त्या घराचे नशीब. घरी वाढवलेला काळवीट वा चितळाचा नर वयात आल्यावर माणसालाच प्रतिस्पर्धी नर समजून शिंगे रोखतो, हे पुष्कळांना पटत नाही, पण प्राणिसंग्रहालयांतले कर्मचारी अशाच नराला सर्वांत जपून असतात. अमेरिकेत टिमोथी ट्रेडवेल हा तेरा उन्हाळे अलास्कातील अस्वलांजवळ राहिला, त्यांना नावे दिली आणि ऑक्टोबर २००३ मध्ये एका अस्वलाने त्याला व त्याच्या मैत्रिणीला मारले.

धोका एकतर्फीही नाही. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्याच्या कोथरूडमध्ये एक गवा शिरला. त्याला पाहायला, चित्रित करायला जमलेल्या गर्दीने तो तासन्‌तास धावत राहिला आणि पकडल्यानंतर दमून मेला.

कायदा : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्य प्राणी पकडणे किंवा त्याला आमिष दाखवून सापळ्यात ओढणे हीदेखील शिकारच. अभयारण्यात प्राण्याला छेडणे आणि कचरा टाकणे यांना कलम २७ ने मनाई आहे. मदाऱ्यांची माकडे आणि दरवेशांची अस्वले गावातून नाहीशी झाली त्यामागे १९९८ ची केंद्राची अधिसूचना आहे. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व सिंह यांचे खेळ तिने बंद केले. वाघ, बिबट्या, अस्वल, रानडुक्कर अशा प्राण्यांच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास महाराष्ट्र शासन २०२३ पासून वारसांना २५ लाख रुपये देते. सेल्फीसाठी स्वतःहून जवळ गेलेल्याचा दावा टिकेल का, हा प्रश्न येथे सोडून देऊ.

चावा किंवा ओरखडा झाल्यास : जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट, तंबाखूची राख यांपैकी काहीही लावू नये, पट्टी घट्ट बांधू नये, टाके घालण्याची घाई करू नये. कातडी फाटून रक्त आलेला वन्य जनावराचा चावा तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर, वर्गात धरतात. त्यात रेबीजच्या लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. दंडात दिल्या जाणाऱ्या लसीचे दिवस शून्य, ३, ७, १४ आणि २८ असे असतात आणि मधली मात्रा चुकवायची नसते. धनुर्वाताचे इंजेक्शन वेगळे. इस्लापूर भागातील रुग्णाला किनवटजवळ गोकुंद्याचे उपजिल्हा रुग्णालय आणि त्यापुढे नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही ठिकाणे आहेत. ‘देवाचं वानर आहे, त्याला काय होतंय’ म्हणून घरी बसलेल्याला एकदा रेबीजची लक्षणे दिसू लागली की पुढे उपचार नाहीत. जखमी वानर, एकटे पाडस किंवा वस्तीत शिरलेले कोणतेही वन्य जनावर दिसल्यास हात न लावता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.