कर्ण्याचं मोजमाप

ग्रामोफोनचा साउंडबॉक्स सोडवून नुसता हातात धरला आणि पिन तबकडीवर टेकवली, तर बालगंधर्वांचं पद कान जवळ नेऊन ऐकावं लागतं. कर्णा जोडला की तेच पद ओटीपर्यंत पोचतं. पदार्थविज्ञान शिकवताना हा प्रयोग मी मुलांना आवर्जून दाखवत असे आणि विचारत असे, ‘कर्ण्यात ना चावी, ना बॅटरी; मग हा जोर आला कुठून?’

जोर नवा येतच नाही. दार बंद आहे असं समजून खांदा लावावा आणि ते उघडंच निघावं, तशी साउंडबॉक्समधल्या छोट्या पडद्याची गत असते. मोकळी हवा समोरून सहज सरकते, आणि पडद्याची शक्ती तिच्यात उतरत नाही. कर्ण्याचा अरुंद गळा हवेला बाजूला पळू देत नाही, म्हणून पडद्याला तिथे अडसर मिळतो. पुढे कर्णा क्रमाने रुंदावत ते कंपन मोकळ्या हवेच्या हवाली करतो. या अडसराचं माप म्हणजे ध्वनीचा संरोध: हवेच्या कंपनातला दाब भागिले तिचा प्रवाह.

हे माप कर्ण्याला लावलं आर्थर गॉर्डन वेबस्टर यांनी. बर्लिनमध्ये हेल्महोल्ट्झ यांच्याकडे शिकलेले वेबस्टर अमेरिकेत वूस्टरच्या क्लार्क विद्यापीठात प्राध्यापक होते. प्रत्यावर्ती विजेसाठी ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८६ मध्ये रूढ केलेली संरोधाची कल्पना ध्वनीलाही तितकीच उपयोगी पडेल, हे त्यांनी ओळखलं. रुंदावत्या नळीतल्या लहरींचं गणित बर्नुली, ऑयलर आणि लाग्रांज यांनी अठराव्या शतकातच हाताळलं होतं. वेबस्टर यांनी ते मोजण्याजोगं केलं. डिसेंबर १९१४ मध्ये फिलाडेल्फियाला वाचलेला निबंध त्यांनी १९१९ मध्ये छापला. मधल्या काळात ते मोजणीच्या उपकरणांत सुधारणा करत राहिले. मांडणी तयार असताना उपकरणासाठी थांबण्याची ही चिकाटी मला त्यांच्या समीकरणाइतकीच मोलाची वाटते.

फळ लवकर दिसलं. १९२४ मध्ये हॅना आणि स्लेपियन यांनी घातांकी कर्ण्याचं गणित मांडलं. अशा कर्ण्याचा छेद ठरावीक अंतरागणिक ठरावीक पटीने वाढतो. आणि तो जितका सावकाश रुंदावेल, तितके खालचे स्वर त्याला पेलतात. १९२५ मध्ये व्हिक्टर कंपनीचा ऑर्थोफोनिक ग्रामोफोन आला. त्यात लांब कर्णा घडी घालून पेटीत बसवला होता आणि पिनेपासून कर्ण्याच्या तोंडापर्यंत प्रत्येक भागाचा संरोध पुढच्या भागाशी जुळवला होता. वीज न वापरता त्यातून खर्जही भरदार ऐकू येऊ लागला.

वाद्यांची पाळी नंतर आली. १९७० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये जॉन बॅकस यांनी ट्रम्पेटच्या माउथपीसमध्ये अतिशय बारीक वाटेने ध्वनी सोडला. वाट इतकी अरुंद, की पलीकडे वाद्य कोणतंही असो, प्रवाह जवळजवळ ठरलेलाच राहतो. मग मायक्रोफोनने नुसता दाब मोजला की संरोध हाती येतो. कंपनसंख्या वाढवत नेली की कागदावर शिखरांची रांग उमटते. वादकाचे ओठ त्या शिखरांवर स्थिरावतात. तेच वाद्याचे स्वर.

या आलेखाने मला कारागिरांपुढे नतमस्तक केलं. एका टोकाला बंद असलेल्या सरळ नळीची शिखरं १, ३, ५, ७ अशा विषम पटींत येतात. ट्रम्पेटचं फुललेलं तोंड खालची शिखरं वर उचलतं, माउथपीस वरची खाली ओढतो आणि रांग २, ३, ४, ५ अशी सुरेल जुळते. पहिलं शिखर तेवढं रांगेबाहेर राहतं. सुमारे १५०० हर्ट्झच्या वर शिखरं विरतात, कारण तो ध्वनी तोंडाशी परत न फिरता बाहेर पडतो. हा सगळा समतोल घडवणाऱ्यांनी संरोध हा शब्दही ऐकलेला नव्हता. त्यांनी पत्रा ठोकला, फुंकून पाहिलं, पुन्हा ठोकला.

आपल्या तुतारीमागेही असाच हात आणि असाच कान आहे. आज दोन मायक्रोफोन, एक छोटा स्पीकर आणि संगणक एवढ्यावर हे मोजमाप होतं. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला ते सहज झेपेल. विद्यार्थ्यांनी तुतारी घडवणाऱ्यांकडे जावं, त्यांच्यासमोर वाद्य मोजावं, आलेख त्यांना समजावून सांगावा आणि त्याच्याखाली कारागिराचं नाव लिहावं. वेबस्टर यांनी दिलेल्या मापाचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.