हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरमधील अनिष्ट आवाज

हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरमधील अनिष्ट आवाज म्हणजे मूळ ध्वनिसंकेतात नसलेली, परंतु हेडफोनमध्ये ऐकू येणारी गुणगुण, फुसफुस किंवा खरखर होय. हेडफोन कानालगत असतो व त्याला काही मिलिवॉट शक्ती पुरते. त्यामुळे स्पीकरवर न जाणवणारा दोषही त्यात स्पष्ट ऐकू येतो.

कारणे

भारतातील घरगुती वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची असते. जवळच्या ट्रान्सफॉर्मरमुळे वा तारांमुळे शिरणारी गुणगुण प्रामुख्याने ५० हर्ट्झची, तर पूर्णतरंग रेक्टिफायरनंतर अपुऱ्या गाळणीमुळे उरलेली १०० हर्ट्झची असते. दोन उपकरणांची अर्थिंग दोन मार्गांनी जोडली गेल्यासही गुणगुण येते. फुसफुस बहुधा गरजेपेक्षा जास्त विवर्धनामुळे, तर खरखर झिजलेल्या व्हॉल्यूम कंट्रोलमुळे किंवा कच्च्या सोल्डरिंगमुळे होते.

निदान

व्हॉल्यूम शून्यावर आणावा. आवाज थांबल्यास दोष त्याआधीच्या भागात असतो; न थांबल्यास पुढील भागात किंवा वीजपुरवठ्यात. नंतर परिपथ बॅटरीवर चालवावा; गुणगुण थांबल्यास वीजपुरवठा व अर्थिंग तपासावे.

उपाय

एलएम३८६ या आयसीचे विवर्धन मुळात २० पट असते; १ व ८ क्रमांकांच्या पायांमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडल्यास ते २०० पट होते. हेडफोनसाठी २० पट सहसा पुरेसे असल्याने हा कपॅसिटर काढल्यास फुसफुस घटते. गुणगुण घालवण्यासाठी अर्थिंगची पिन कधीही काढू नये. त्यामुळे विजेचा प्राणघातक धक्का बसू शकतो.