नळांचं गाव आणि न दिसणारे नळ

लुडविग्सहाफेनला राहणाऱ्यांना बीएएसएफच्या नळांचं जाळं रोजच दिसतं. १८६५ मध्ये ही कंपनी पलीकडच्या मानहाइममध्ये स्थापन झाली, पण तिथं जागा मिळाली नाही म्हणून कारखाना ऱ्हाईनच्या या काठावर आला. सुमारे १० चौरस किलोमीटरच्या आवारात एका विभागाचा माल नळातून दुसऱ्याचा कच्चा माल होतो. जर्मन भाषेत याला ‘फेरबुंड’ म्हणतात. २०२२ मध्ये वायूची टंचाई झाली, तेव्हा पुरवठा निम्म्याखाली गेला तर सगळंच थांबवावं लागेल, असं कंपनीनं सांगितलं होतं.

तुमच्या घरातल्या संगणकातही असाच फेरबुंड आहे. आज त्याचा इतिहास ऐका.

प्रोग्रॅम माणूस लिहितो तो सोर्स कोड. यंत्राला कळेल असं त्याचं रूपांतर करणं म्हणजे कंपाइल करणं. पण कुठलाच प्रोग्रॅम एकटा उभा राहत नाही. अक्षरं काढणं, फाइल आवळणं ही कामं तयार लायब्ररींकडून घेतली जातात, आणि त्या लायब्ररींना आणखी लायब्ररी लागतात. पूर्वी ही साखळी ज्याची त्यानं जुळवायची. एक लायब्ररी नाही म्हणून बांधणी अडली, की ती शोधा, पुन्हा सुरुवात करा.

१९९३ मध्ये डेबियन प्रकल्प सुरू झाला. स्वयंसेवकांनी प्रत्येक प्रोग्रॅम बांधून त्याचं पॅकेज केलं आणि त्याला काय काय लागतं ते त्यावरच लिहून ठेवलं. १९९९ च्या आवृत्तीत आलेल्या ‘अ‍ॅप्ट’मुळे एका आज्ञेत सगळी साखळी आपोआप येऊ लागली. त्याच काळात आपल्या शेजारी, कायझरस्लाउटर्नच्या विद्यापीठात, १९९६ मध्ये ‘लिनक्सटाग’ मेळाव्याची सुरुवात झाली.

यात मराठी कुठे? पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं घडवलेले ‘लोहित’ टंक रेड हॅटनं २००४ मध्ये खुल्या परवान्यानं सर्वांना दिले. पण टंक असून भागत नाही. ‘कि’मधली वेलांटी क-नंतर टाइप केली, तरी ती आधी दिसायला हवी. ‘क्ष’ जुळायला हवा. ते काम ‘हार्फबझ’सारखी लायब्ररी करते. तिची जुळणी चुकली, तर आजीचं पत्र पडद्यावर तुटक्या अक्षरांत दिसेल.

साखळी जितकी लांब, तितका धोका मोठा. मार्च २०२४ मध्ये ते जगानं पाहिलं. ‘एक्सझेड’ ही फाइल आवळणारी छोटी लायब्ररी. ती सांभाळणारा स्वयंसेवक थकला होता. मदतीला आलेल्या एका टोपणनावानं दोन वर्षांहून जास्त काळ विश्वास कमावला आणि मग चोरवाट घातली. ती उघडणारा तुकडा सर्वांना दिसणाऱ्या कोडमध्ये नव्हता, बांधणीसाठी दिलेल्या गठ्ठ्यात होता. डेबियन किंवा आरपीएम पद्धतीचं पॅकेज बनत असेल, तरच तो जागा होई. दूरच्या संगणकात शिरायच्या दाराला ही लायब्ररी थेट लागतही नव्हती, दुसऱ्या एका लायब्ररीच्या मागून ती तिथं पोहोचली होती.

आन्ड्रेस फ्रॉइंड या जर्मन अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढंच खटकलं. त्यानं पाठपुरावा केला आणि २९ मार्चला जगाला सावध केलं. बहुतेक ठिकाणी तो माल तोवर फक्त चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंत गेला होता.

म्हणून मंडळी, दोन गोष्टी. घरातल्या मुलांना संगणकाची आवड असेल, तर एखादा छोटा प्रोग्रॅम सोर्सपासून बांधायला सांगा. कुणाच्या खांद्यावर आपण उभे आहोत, ते त्यांना कळेल. आणि पडद्यावर मराठी अक्षर तुटलेलं दिसलं, तर “चालतंय” म्हणून सोडू नका. ते सांभाळणाऱ्याला कळवा. नळ गळतोय हे घरच्यांनीच सांगायचं असतं.