मोतीबिंदू : भारतातील प्रमाण आणि शस्त्रक्रियेचे संशोधन

डोळ्याच्या बाहुलीमागील पारदर्शक भिंग गढूळ होणे म्हणजे मोतीबिंदू. वय वाढते तशी भिंगातील प्रथिने एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि प्रकाश आत जाताना विखुरतो. मधुमेह, डोळ्याला मार लागणे, स्टेरॉइड औषधांचा दीर्घ वापर आणि धूम्रपान यांमुळे ही क्रिया लवकर सुरू होते. गढूळलेले भिंग पुन्हा स्वच्छ करणारे औषध अजून सापडलेले नाही. भिंग काढून टाकणे हाच उपाय आहे. काचबिंदूशी नामसाधर्म्यामुळे होणारा घोटाळा रुग्णाला महागात पडतो, कारण काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही आणि मोतीबिंदूत बहुधा येते.

मोतीबिंदूचे प्रमाण किती, या प्रश्नाचे उत्तर काय मोजले यावर अवलंबून असते. भिंगातील गढूळपणाच मोजायचा तर तपासणीयंत्राने भिंग पाहून ते प्रमाणित छायाचित्रांशी ताडतात. उत्तर आणि दक्षिण भारतातील एकेका केंद्रात साठ व त्यापुढील वयाच्या लोकांची अशी तपासणी झाली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रिया न झालेला मोतीबिंदू उत्तरेत ५८ टक्के आणि दक्षिणेत ५३ टक्के लोकांत आढळला. मोतीबिंदूमुळे येणारे अंधत्व मोजले की आकडा याच्या एका लहानशा अंशावर येतो. दोन्ही आकडे खरे आहेत, मात्र एकाच्या जागी दुसरा वापरला की शिबिरांचे नियोजन कोलमडते.

अंधत्वाच्या सर्वेक्षणाची पद्धत साधी आहे. निवडलेल्या वस्तीत घरोघरी जाऊन पन्नाशीपुढच्या माणसांना अंगणात, उजेडात उभे करतात. सहा मीटरची दोरी ताणून अंतर ठरवतात आणि पलीकडून इंग्रजी ‘ई’ हे अक्षर वेगवेगळ्या दिशांना फिरवून दाखवतात. अक्षराचे दाते कोणत्या बाजूला आहेत, एवढे हाताने दाखवले की झाले. वाचता येण्याची गरज नसते. कमी दिसत असेल तर बारीक छिद्रातून पाहायला सांगतात. नजर सुधारली तर दोष चष्म्याचा असण्याचा संभव, न सुधारली तर भिंग किंवा त्यामागील भाग तपासायचा. ६/६० या मापाचा अर्थ असा की, निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून ओळखू येणारे अक्षर रुग्णाला सहा मीटरवरून ओळखावे लागते.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. १९८६–८९ च्या देशव्यापी पाहणीत अंधत्वाचे प्रमाण १.४९ टक्के निघाले आणि त्यात सुमारे ८० टक्के वाटा मोतीबिंदूचा होता. पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून १९९४ ते २००२ या काळात शस्त्रक्रिया वाढवण्याचा प्रकल्प राबवला गेला. त्यातील सात राज्यांत महाराष्ट्र होता. २००६–०७ मध्ये अंधत्वाचे प्रमाण १ टक्का आणि २०१५–१९ च्या पाहणीत ०.३६ टक्का नोंदले गेले. ही घसरण वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. पूर्वी भारतात ६/६० पेक्षा कमी नजर म्हणजे अंधत्व मानत. २०१७ पासून जागतिक आरोग्य संघटनेप्रमाणे ३/६० ही रेषा स्वीकारली गेली. म्हणजे घसरणीचा काही भाग शस्त्रक्रियांनी कमावलेला आहे, तर काही भाग व्याख्येने दिलेला. २०१५–१९ च्या पाहणीत पन्नाशीपुढील लोकांतील अंधत्वाची ६६.२ टक्के प्रकरणे शस्त्रक्रिया न झालेल्या मोतीबिंदूची होती. सुमारे ७ टक्के प्रकरणे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतील गुंतागुंतीची होती आणि संशोधनाच्या दृष्टीने हा दुसरा आकडा अधिक बोलका आहे.

शस्त्रक्रियेचा इतिहास जुना आहे. सुश्रुतसंहितेत वर्णन केलेल्या पद्धतीत सुईने भिंग बाजूला ढकलत, बाहेर काढत नसत. फ्रान्सचा झाक दाविएल याने १७४७ मध्ये भिंग बाहेर काढले. लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली याने १९४९ मध्ये कृत्रिम भिंग बसवले. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या ॲक्रिलिक काचेचे तुकडे शिरले, तरी डोळा ते सहन करतो, हे निरीक्षण त्याच्या पाठीशी होते. १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन याने ध्वनिलहरींनी भिंग फोडून ओढून घेण्याची फेको पद्धत आणली.

भारतात १९८० च्या दशकापर्यंत भिंग आवरणासकट काढून रुग्णाला जाड चष्मा देण्याची रीत होती. ‘पिकू द्या, मग काढू’ हा सल्ला त्या काळचा. तो आजही घराघरांत ऐकू येतो, जरी त्याचे कारण केव्हाच संपले आहे. अशा चष्म्यातून वस्तू सुमारे पाव पटीने मोठ्या दिसतात, कडेचे दिसत नाही आणि चष्मा फुटला की माणूस पुन्हा आंधळाच. कृत्रिम भिंग गरिबांसाठी परवडेल का आणि सुरक्षित ठरेल का, ही शंका मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयातील चाचणीने दूर केली. ३,४०० रुग्णांच्या या यादृच्छिक चाचणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. त्यांत भिंग बसवलेल्यांचे दैनंदिन व्यवहार चष्मेवाल्यांपेक्षा सुकर झालेले दिसले आणि ज्या गुंतागुंतीची धास्ती होती ती प्रत्यक्षात आली नाही. याच रुग्णालयाशी संलग्न ऑरोलॅबमध्ये १९९२ पासून भिंगे बनू लागल्याने किमतीचा अडसरही सुटत गेला होता.

पुढचा वाद छेदाचा होता. टाके घालायची जुनी पद्धत, बिनटाक्याची लहान छेदाची पद्धत आणि यंत्राने करायची फेको यांतली निवड कशी करायची? लहान छेदाच्या पद्धतीत बुबुळाच्या कडेशी पांढऱ्या पडद्यात सहा ते सात मिलिमीटरचा तिरका बोगदा करतात. भिंगाचा गर त्यातून अखंड बाहेर काढतात आणि आतल्या दाबानेच बोगदा मिटतो. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात या तिन्ही पद्धतींच्या तुलना झाल्या. २००३ च्या चाचणीत सहा आठवड्यांनी चष्म्याविना ६/१८ किंवा त्याहून चांगली नजर टाक्यांच्या पद्धतीत ३७.३ टक्के आणि बिनटाक्याच्या पद्धतीत ४७.९ टक्के रुग्णांना मिळाली. २००५ च्या ४०० डोळ्यांच्या चाचणीत हेच प्रमाण फेकोत ८१ आणि बिनटाक्याच्या पद्धतीत ७१ टक्के निघाले. चष्मा दिल्यावर मात्र दोन्हीकडे ते ९८ टक्क्यांच्या आसपास होते. बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेला साधारण साडेआठ मिनिटे लागली, फेकोला साडेपंधरा. ज्या रुग्णाला नंतर चष्मा मिळणारच नाही, त्याच्यासाठी चष्म्याविनाची नजर हाच खरा निकाल. म्हणून या चाचण्यांचा कौल सरसकट एका पद्धतीच्या बाजूने काढता येत नाही. लेझरने सुरुवातीचे छेद देणाऱ्या महागड्या पद्धतीबाबत फ्रान्सच्या पाच विद्यापीठीय रुग्णालयांतील चाचणीने २०२० मध्ये साध्या फेकोपेक्षा सरसपणा आढळत नसल्याचे दाखवले.

जंतुसंसर्ग हा शस्त्रक्रियेचा सर्वांत भीतिदायक धोका असून त्याने डोळाच जाऊ शकतो. तो विरळ असल्याने त्यावरील संशोधनाला हजारो रुग्ण लागतात. शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्याच्या आत प्रतिजैविक सोडल्यास संसर्ग पाचेक पटींनी घटतो, हे सोळा हजारांहून अधिक रुग्णांच्या युरोपीय चाचणीने २००७ मध्ये सिद्ध केले. अरविंदमधील सुमारे ६ लाख १७ हजार डोळ्यांच्या नोंदींत मॉक्सिफ्लॉक्सासिन वापरल्यावर संसर्गाचे प्रमाण ०.०७ वरून ०.०२ टक्क्यांवर आलेले दिसले. ही यादृच्छिक चाचणी नव्हती, तरी आकार पाहता तिची दखल घ्यावीच लागते.

या विषयाचा संबंध नेत्रतज्ज्ञापुरता उरत नाही. शस्त्रक्रियेआधी फिजिशियनकडून ईसीजी व रक्ततपासणी करून आणण्याची रीत सर्वत्र आहे. अमेरिका व कॅनडातील १८ हजारांवर रुग्णांच्या चाचणीत (२०००) अशा नित्याच्या तपासण्या केलेल्या आणि न केलेल्या गटांत वैद्यकीय गुंतागुंत सारखीच, हजारी ३१ इतकी होती. प्रकृतीत काही विशेष असेल तर तपासणी हवीच, हा मुद्दा त्या चाचणीत वेगळा होता.

शेवटी प्रश्न राहतो तो मोजमापाचाच. दरवर्षी किती शस्त्रक्रिया झाल्या, हा आकडा कार्यालयात सहज मिळतो. त्यांपैकी किती जणांना दिसू लागले हे कळण्यासाठी रुग्णाला पुन्हा शोधावे लागते, आणि गावाकडे परतलेला रुग्ण तपासणीला येत नाही. यासाठी ‘प्रभावी शस्त्रक्रिया-व्याप्ती’ हे माप पुढे आले आहे. शस्त्रक्रियेची गरज असलेल्या १०० जणांपैकी ८० जणांची शस्त्रक्रिया झाली आणि ६० जणांना चांगली नजर मिळाली, तर जुनी व्याप्ती ८० टक्के आणि प्रभावी व्याप्ती ६० टक्के. चांगल्या नजरेची रेषा पूर्वी ६/१८ होती, आता ६/१२ आहे. २०२१ च्या जागतिक आरोग्य सभेने ही व्याप्ती २०३० पर्यंत ३० टक्क्यांच्या अंकांनी वाढवण्याचे लक्ष्य ठरवले आहे.