मार्कर ते असिस्टंट कोच

पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरहून मुळा नदी ओलांडली की बालेवाडी. 1994च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी तिथे क्रीडानगरी उभी राहिली आणि 2018 ते 2023 या काळात एटीपीची महाराष्ट्र ओपनही तिथेच रंगली. टेनिस कोर्टावरच्या दुय्यम प्रशिक्षकाचा धंदा मात्र याहून खूप जुना आहे.

ब्रिटिश अमदानीतल्या जिमखान्यांत त्याला मार्कर म्हणत. सभासदाला जोडीदार मिळाला नाही की हा पगारी माणूस समोर उभा राहायचा. अनेक मार्कर बॉलबॉय म्हणून आले आणि सभासदांचे फटके बघतबघतच खेळ शिकले. हातात प्रमाणपत्र नाही, पण बॅकहँडला मनगट कुठे ढिलं पडतं ते त्यांना लांबूनही कळे. बादलीतून एकामागून एक चेंडू त्याच जागी, त्याच उंचीवर टाकत राहणं ही त्यांची खरी विद्या. 1961 मध्ये पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्था निघाली आणि प्रशिक्षकाला पदविकेचा रस्ता मिळाला.

अमेरिकेत हेच काम विद्यापीठाची नोकरी आहे. सराव, प्रवास, नव्या खेळाडूंचा शोध, सगळं असिस्टंट कोचकडे. तरी तिथेही काही जण विनावेतन राबत. स्वयंसेवक प्रशिक्षकाचं ते पद 2023 मध्ये रद्द झालं, ते योग्यच झालं. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून, ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून याच व्यवस्थेत खेळले. ऋतुजाने 2023 मध्ये हांगझोऊला रोहन बोपण्णासोबत आशियाई सुवर्ण जिंकलं.

आपल्या जुन्या मार्करांची नावं क्लबांनी आता तरी लिहून काढावीत.