कोलोरॅडोचे पाणी आणि चाकांवरची घरे

१८६९ सालच्या ऑगस्ट महिन्याच्या ३० तारखेस अमेरिकेच्या नैर्ऋत्य वाळवंटात, व्हर्जिन नदी कोलोरॅडोस मिळते त्या संगमावर, काही मॉर्मन वसाहतकरी जाळे टाकून मासे धरीत होते. तेवढ्यात वरच्या दरीतून दोन होड्या येताना त्यांच्या दृष्टीस पडल्या. होड्यांत सहा माणसे होती आणि त्यांच्यापाशी शिधा म्हणून बुरसलेले थोडे पीठ व कॉफी एवढेच काय ते उरले होते. त्यांचा नायक जॉन वेस्ली पॉवेल हा भूगर्भशास्त्राचा अध्यापक असून, यादवी युद्धात शायलोच्या लढाईत त्याने आपला उजवा हात गमावला होता. तीन महिन्यांपूर्वी, २४ मे रोजी, वायोमिंगमधील ग्रीन रिव्हर या रेल्वे स्थानकाजवळून नऊ साथीदार, चार होड्या आणि दहा महिन्यांचा शिधा घेऊन त्याने प्रस्थान ठेवले होते. वाटेत एक होडी खडकावर आपटून फुटली व तिच्याबरोबर बराच शिधा गेला. एक साथीदार मधूनच परतला. प्रवास संपण्यास अवघे दोन दिवस उरले असताना आणखी तिघांनी पुढचा भयंकर प्रपात पाहून नदी सोडली व कडा चढून जाण्याचा मार्ग पत्करला. ते तिघे पुढे मारले गेले. सुमारे १,६०० किलोमीटरांचा अज्ञात प्रवाह मात्र नकाशावर आला.

तो संगम आज दृष्टीस पडत नाही. १९३५ साली हूव्हर धरण उभे राहिले आणि त्यामागे साठलेल्या मीड जलाशयाने तो पोटात घेतला. याच जलाशयाच्या काठावरून आता अमेरिकन कुटुंबे आपली मोटारघरे घेऊन जातात. ‘आरव्ही’ या दोन अक्षरांनी ओळखले जाणारे हे वाहन म्हणजे चाकांवर बसविलेले बिऱ्हाडच होय. निजण्याची जागा, चूल, न्हाणीघर आणि पाण्याच्या टाक्या, सारे त्यात असते. लास व्हेगासहून निघावे, व्हर्जिन नदीने कोरलेली झायनची दरी पाहावी, तेथून ब्राइसचे तांबूस सुळके आणि कोलोरॅडोची महादरी पाहून दक्षिणेस फीनिक्स गाठावे, असा हा क्रम असतो. या वाटेवर वाळवंटातील शहरे आणि राष्ट्रीय उद्याने एकामागून एक येतात. दोन्हींचा इतिहास वरवर पाहता निराळा दिसतो. तथापि दोन्हींच्या मुळाशी पाण्याचाच प्रश्न आहे.

युरोपीय लोकांना ही महादरी प्रथम दिसली ती १५४० साली. गार्सिया लोपेझ दे कार्देनास हा स्पॅनिश सरदार होपी वाटाड्यांसह तिच्या काठावर पोहोचला. त्याच्या माणसांनी खाली नदीपर्यंत उतरण्याचा यत्न केला. परंतु वरून लहान भासणारे खडक जवळ जाताच प्रचंड निघाले आणि त्यांना अर्ध्या वाटेवरून परतावे लागले. सोने न मिळाल्यामुळे स्पेनला त्या दरीत रस उरला नाही. पुढे १८५७-५८ साली अमेरिकन सैन्यातील लेफ्टनंट जोसेफ आइव्ह्‌ज याने खालच्या बाजूने नदीचे निरीक्षण केले आणि हा प्रदेश सर्वस्वी निरुपयोगी असून आपल्यामागून येथे कोणी गोरा मनुष्य येणार नाही, अशा आशयाचा अभिप्राय नोंदविला. अधिकाऱ्यांची भाकिते किती सपशेल चुकू शकतात याचे हे एक ठळक उदाहरण होय.

पॉवेलची दृष्टी निराळी होती. सुमारे ४४६ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहून अधिक खोल अशी ही दरी नदीने खडक झिजवीत कशी निर्माण केली, हे त्याने वाचण्याचा प्रयत्न केला. त्याचा सहकारी क्लॅरेन्स डटन याने १८८२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या दरीचा भूवैज्ञानिक इतिहास मांडला. दरीतून वर आलेल्या शिखरांचे आकार पाहून डटनला पूर्वेकडील देवालयांची आठवण झाली आणि त्याने दोन शिखरांस ‘शिवमंदिर’ व ‘विष्णुमंदिर’ अशी नावे दिली. तोच परिपाठ पुढे चालला. त्यामुळे ॲरिझोनाच्या नकाशावर आज ब्रह्मा, राम, कृष्ण आणि बुद्ध यांची नावे आढळतात, आणि दरीच्या तळाशी असलेला सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीचा काळा खडक शास्त्रीय ग्रंथांत विष्णूच्याच नावाने ओळखला जातो. भारतीय प्रवाशास ही नावे वाचून कौतुक वाटावे यात नवल नाही.

परंतु पॉवेलचे खरे महत्त्व त्याच्या साहसापेक्षा १८७८ साली त्याने सरकारास सादर केलेल्या अहवालात आहे. शुष्क प्रदेशातील जमिनींविषयीच्या या अहवालात त्याने साधा हिशेब मांडला. पश्चिमेकडे वर्षाला २० इंचांहूनही कमी पाऊस पडतो. तेथे केवळ पावसावर शेती होणार नाही. आणि सर्व नद्यांचे पाणी एकत्र केले तरी ते जमिनीच्या लहानशा भागासच पुरेल. प्रत्येक कुटुंबास सरसकट १६० एकर देण्याचा पूर्वेकडील कायदा येथे गैरलागू होता. ओलिताखाली ८० एकर पुरेसे होते, तर चराऊ रानात २,५६० एकरही अधिक नव्हते. वसाहतींच्या सीमा नद्यांच्या पाणलोटाप्रमाणे आखाव्यात, म्हणजे पाण्याचे वाटप ज्यांचे त्यांना करता येईल, असेही त्याचे मत होते. जमिनीच्या व्यवहारांत गुंतलेल्या हितसंबंधांस हे पटण्यासारखे नव्हते. १८९३ साली लॉस एंजेलिस येथे भरलेल्या जलसिंचन परिषदेत, या भूमीस पुरेल एवढे पाणी नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले, तेव्हा सभेने आरडाओरड करून त्याचा निषेध केला. पुढच्याच वर्षी त्याने भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे संचालकपद सोडले.

पॉवेलचा इशारा बाजूस पडला. दरीची कीर्ती मात्र वाढत गेली. १९०१ साली आगगाडी महादरीच्या दक्षिण काठास पोहोचली. १९०३ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ती पाहून, तिच्यात माणसाने काही फेरफार करू नयेत असे आवाहन केले. १९०८ साली तिला राष्ट्रीय स्मारकाचा आणि १९१९ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. झायन त्याच वर्षी आणि ब्राइस १९२८ साली राष्ट्रीय उद्याने झाली. या रक्षणाची किंमत मात्र मूळच्या रहिवाशांनी दिली. महादरीत पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या हवासुपाई लोकांसाठी १८८२ साली अवघ्या ५१८ एकरांचे राखीव क्षेत्र ठरविण्यात आले होते. उद्यानाच्या हद्दीतील झऱ्याकाठी मळे करून राहणाऱ्या त्यांच्यातील शेवटच्या लोकांसही १९२८ साली बाहेर काढण्यात आले. पुढे १९७५ साली कायद्याने सुमारे १,८५,००० एकर भूमी त्यांना परत मिळाली आणि २०२२ साली त्या जुन्या मळ्यांच्या जागेस हवासुपाईंचे नाव देण्यात आले.

उद्यानांमागोमाग मोटार आली. चाकांवरील बिऱ्हाडाची सोय असलेली गाडी १९१० सालीच न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात मांडली गेली होती. परंतु ती धनिकांची चैन होती. १९३० साली झायनच्या कड्यातून १.८ किलोमीटर लांबीचा बोगदा खोदण्यात आला, तोही त्या काळच्या लहान मोटारींच्या मापाने. पुढे मोठी मोटारघरे नेताना समोरची वाहतूक थांबवावी लागे. १९५६ साली आंतरराज्य महामार्गांचा कायदा संमत झाला. दहा वर्षांनी आयोवातील विनेबागो कंपनीने कारखान्यात साखळी पद्धतीने मोटारघरे तयार करून ती पुष्कळच स्वस्त केली. आइव्ह्‌जला जेथे कोणी येणार नाही असे वाटले होते, तेथे आता दरवर्षी लक्षावधी माणसे येतात.

याच काळात शहरेही वाढली. लास व्हेगास म्हणजे स्पॅनिश भाषेत ‘कुरणे’. तेथे झरे होते म्हणून १९०५ साली रेल्वेने भूखंडांचा लिलाव करून गाव वसविले. उपशामुळे ते झरे १९६२ साली आटले, आणि शहर मुख्यतः मीड जलाशयावर विसंबू लागले. फीनिक्सची कथा अधिक उद्‌बोधक आहे. होहोकाम लोकांनी तेथे शेकडो किलोमीटर लांबीचे कालवे खणून शतकानुशतके शेती केली, आणि पंधराव्या शतकाच्या मध्यास ती वस्ती ओस पडली. १८६७ नंतर आलेल्या वसाहतकऱ्यांनी तेच कालवे साफ करून पाणी खेळविले आणि राखेतून पुन्हा उठणाऱ्या पुराणपक्ष्याचे नाव आपल्या गावास दिले. आज कोलोरॅडोचे पाणी ५४० किलोमीटरांच्या कालव्यातून पंपांनी उचलून त्या बाजूस नेले जाते. २०२३ सालच्या जुलैत या शहराने सलग ३१ दिवस ४३ अंश सेल्सियस वा त्याहून अधिक उष्मा सोसला.

या साऱ्याचा पाया १९२२ सालच्या करारात आहे. सात राज्यांच्या प्रतिनिधींनी सँता फे येथे नदीचे दोन भाग कल्पून प्रत्येकास वर्षाला सुमारे ९२५ कोटी घनमीटर पाणी नेमून दिले. ज्या वर्षांच्या मोजणीवर हा आकडा बसविला ती वर्षे अपवादात्मक ओली होती. तेथे राहणाऱ्या आदिवासी राष्ट्रांस त्या बैठकीत स्थान नव्हते. १९४४ साली मेक्सिकोचाही वाटा मान्य झाला. कागदावर वाटलेले पाणी अशा रीतीने नदीतील पाण्याहून अधिक भरले. दोन हजार सालापासून प्रवाह आणखी घटला, आणि २०२१ साली सरकारास प्रथमच पाणीटंचाई जाहीर करावी लागली. २०२२ सालच्या जुलैत मीड जलाशयात क्षमतेच्या जेमतेम चौथा हिस्सा पाणी उरले होते. यात सारा दोष शहरांचा नाही. उपशाचा मोठा भाग शेतीकडे जातो, आणि लास व्हेगासने तर घरांतील वापरलेले पाणी शुद्ध करून जलाशयात परत सोडण्याची व शोभेची हिरवळ काढून टाकण्याची व्यवस्था केली आहे. मात्र हे शहाणपण टंचाई दारात आल्यावर सुचलेले आहे.

१९६३ साली ग्लेन दरीत आणखी एक धरण पुरे झाले. त्याच्या जलाशयास, ज्याने पाणी पुरणार नाही असे सांगितले होते, त्या पॉवेलचेच नाव दिलेले आहे. त्याच्या काठावर मुक्काम करणाऱ्या मोटारघरातील गृहिणी रात्री भांडी विसळताना टाकीचा दर्शक पाहते. काटा खाली आला की घरातील सर्वांस हात आखडता घ्यावा लागतो. नदीलाही असा दर्शक आहे. जलाशयाभोवतीच्या तांबड्या कड्यांवर, पूर्वी पाणी जेथवर होते तेथवर, क्षारांचा एक रुंद पांढरा पट्टा उमटलेला आहे, आणि तो रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकास दिसतो.